भाचीचा बॉयलर आणि पातेल्यावरचं दव

पुण्यात पारा ९ वर उतरला की ती पहिल्या पानावरची बातमी होते आणि तळजाईवर माकडटोप्या दिसायला लागतात. तरी घर गरम करायची सोय आपण कुणी करत नाही. दुलई, स्वेटर आणि आल्याचा चहा यांवर आपला हिवाळा निभतो. त्यामुळे मागच्या जानेवारीत रात्री साडेदहाला बॉस्टनजवळच्या एका गावातून भाचीचा फोन आला, "मामा, बॉयलर गेला आमचा," तेव्हा आमची ही पलीकडून सहज म्हणाली, "मग आंघोळीचं पाणी गॅसवर तापव म्हणावं."

भाचीकडे तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर उणे आठ होतं. आंघोळ दूरच, बॉयलर पूर्ण बंद पडला असता तर दोन दिवसांत घरातल्या नळांतलं पाणी गोठलं असतं.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात बॉयलरच्या कामात तीस वर्षं काढली, म्हणून फोन मला. पण कारखान्यातला वाफेचा बॉयलर आणि अमेरिकेतल्या घरातला बॉयलर यांचं नातं आडनावबंधूंइतकंच. भाचीच्या हातात नव्या बॉयलरची दोन कोटेशनं होती, त्यांच्या निमित्तानं मलाही पुन्हा पाटी घेऊन बसावं लागलं. कोथरूड-औंधातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी अशाच थंड गावात घर घेऊन राहिलंय, तेव्हा जे कळलं ते इथे मांडतो.

न उकळणारा बॉयलर

तिचं घर १९५० च्या दशकातलं, बैठं, तळघर नसलेलं. जमिनीवर काँक्रीटचा कोबा आणि त्या कोब्यात तांब्याच्या नळ्या नागमोडी पुरलेल्या. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळ्यांतून फिरवतो, कोबा कोमट होतो आणि कोमट जमीन खोली उबदार ठेवते. गार झालेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं; त्याला 'रिटर्न' म्हणतात, आणि या लेखातला मुख्य माणूस तोच आहे. पंखा नाही, आवाज नाही, धूळ उडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची टंचाई होती तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून हजारो घरं अशीच, कोब्यात तांब्याच्या नळ्या पुरून बांधली गेली. एप्रिलमध्ये गच्चीवर गाद्या घालून झोपलेल्यांना हे तत्त्व पाठीला ठाऊक आहे: दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते.

या चक्रातलं पाणी कधीच उकळत नाही. आपल्या कायद्याच्या लेखी तर हा बॉयलरच नव्हे. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या सुधारित व्याख्येतून, आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्यातूनही, १०० अंशांच्या खाली पाणी तापवणारं भांडं वगळलेलं आहे.

खरं नातं लावायचं तर ते बंबाशी. कसब्यातल्या तांबट आळीत घडवलेला एक तांब्याचा बंब आमच्या वाड्यातल्या न्हाणीघरात होता. मधून उभी नळी, तिच्यात निखारे, भोवती पाणी. गरम धूर नळीतून वर जाता जाता पाण्याला ऊब देणार आणि जेवढी देणं जमलं नाही तेवढी घेऊन बाहेर पडणार. नळीच्या तोंडावर हात धरला तर चटका बसायचा. तो चटका म्हणजे आपण घातलेल्या कोळशाची वाया चाललेली उष्णता. गेल्या शंभर वर्षांतली बॉयलरची सगळी सुधारणा तो चटका कमी करण्यात गेली आहे.

आधी खरंच गेलाय का ते बघा

पंप अडकला तरी घर गार पडतं. ज्योत पेटती आहे की नाही हे सांगणारं थर्मोकपल खराब झालं तरी बॉयलर पेटायला नकार देतो. ही त्या मानानं स्वस्तातली कामं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय म्हणून अख्खा बॉयलर बदलायला निघालेली माणसंही असतात, आणि खरा गुन्हेगार पुष्कळदा शेजारी टांगलेली एक्स्पान्शन टाकी असते. पाणी २० अंशांवरून ८० वर गेलं की पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. बंद चक्रात हे फुगलेलं पाणी जाणार कुठे? म्हणून या टाकीत रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. पाणी फुगलं की हवा दबते. पडदा फाटला की ती जागा संपते, दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इमानानं उघडतो. अशा वेळी टाकी बदलली की काम भागतं.

भाचीला मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढायला सांगितला. तिचा बॉयलर बिडाचा होता. आपल्या बिडाच्या तव्याचंच लोखंड. ओतून केलेले पोकळ भाग एकाला एक जोडलेले. दोन भागांच्या मधून गंजाचा तपकिरी ओघळ आलेला, खाली बर्नरवर खपल्या पडलेल्या. हा मात्र संपला होता. भागांच्या मधून गळायला लागलेला तीस वर्षांचा बिडाचा बॉयलर दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. एक भाग बदलेस्तोवर शेजारचा जातो.

गळती थेंबाथेंबानंच होती हे नशीब. गॅस कंपनीच्या माणसाला बोलावून घरात कार्बन मोनॉक्साइड येत नाही ना, हे तपासून घेतलं. मग खाली परात ठेवून तो आणखी काही दिवस चालवायचं ठरलं. त्यामुळे विचार करायला उसंत मिळाली. बहुतेकांना ती मिळत नाही. थंडीच्या कडाक्यात बॉयलर बंद पडतो, पोरंबाळं कुडकुडत असतात आणि जो माणूस उद्या येतो म्हणेल त्याचं कोटेशन पास होतं. पंचविशी ओलांडलेला बॉयलर असेल तर हे सगळं मे-जूनमध्ये करावं, हे मी आता तिच्या मैत्रिणींनाही सांगतो.

नेमप्लेट खोटं बोलते

पहिल्या कोटेशनात जुन्यासारखाच बिडाचा, दीड लाख बीटीयूचा बॉयलर होता. दुसऱ्यात नव्या पद्धतीचा 'कंडेन्सिंग' बॉयलर होता, आणि तोही दीड लाखाचाच. दोघांनी जुन्या बॉयलरच्या नेमप्लेटवरचा आकडा उतरवून घेतला होता. घर किती उष्णता गमावतं, हे कुणीच विचारलं नव्हतं.

बीटीयू हे उष्णतेचं एकक आपल्या अंगवळणी पडलेलं नाही, म्हणून ते किलोवॅटमध्ये आणू. एक किलोवॅट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू. दीड लाख बीटीयू म्हणजे ४४ किलोवॅट. आपल्याकडे बाथरूममध्ये लावतात तो छोटा इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा असतो. म्हणजे तेराशे स्क्वेअर फुटांच्या बैठ्या घराला ऊब द्यायला चौदा-पंधरा गीझर एकदम चालू! मला हे पटेना. मी म्हटलं, "अगं, गॅसची बिलं काढ."

जानेवारीच्या बिलात २३० थर्म गॅस होता. थर्म म्हणजे एक लाख बीटीयू, आपल्या वीजबिलाच्या भाषेत २९.३ युनिट. आंघोळीच्या पाण्याचा हीटर वेगळा आहे आणि तोही गॅसवरच चालतो. उन्हाळ्याच्या बिलावरून त्याचे महिन्याला २० थर्म धरून वजा केले. उरले २१०, म्हणजे ६,१५० युनिटच्या आसपास. जुना बॉयलर त्यातला पाऊण हिस्सा घराला देत असेल असं धरलं तर घरात गेली ४,६०० युनिट उष्णता. महिन्याचे तास ७४४. भागाकार केला की सरासरी ६.२ किलोवॅट. त्या महिन्यात बाहेर सरासरी उणे १ आणि घरात २०, म्हणजे फरक २१ अंशांचा. तेव्हा प्रत्येक अंशाला लागले ०.३ किलोवॅटच्या आसपास. बॉस्टनकडे कडक थंडीचा हिशेब उणे १२ च्या आसपास धरतात. तेव्हा फरक होतो ३२ अंश, आणि घराची गरज साडेनऊ किलोवॅट. थोडं वरचढ धरून अकरा म्हणू.

अकरा. आणि दोन्ही कोटेशनं चव्वेचाळीसची.

हे फार सोपं गणित आहे. खिडक्या, भिंती, छप्पर खोलीगणिक मोजून करायचा रीतसर हिशेब तिकडे 'मॅन्युअल जे' नावानं ओळखला जातो आणि तो करून घ्यावाच. पण बिलाचं गणित सातवीतल्या मुलाला जमतं आणि चौपट चूक असेल तर ती त्यातही लख्ख दिसते. जुना बॉयलर एवढा मोठा का होता? बसवणाऱ्यानं अंदाजानं धरला, वर "असू दे" म्हणून थोडा वाढवला. त्यानंतर आधीच्या मालकांनी खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, छपरात कापूस भरला. घराची भूक कमी झाली, ताट तेवढंच राहिलं.

मोठा बॉयलर असला म्हणून बिघडलं कुठे? सोसायटीतला प्रेशर पंप आठवा. तिसऱ्या मजल्यावर कुणी नळ जरासा सोडला की पंप खटकन सुरू होतो, दोन सेकंदांत दाब भरतो, खटकन बंद. पुन्हा सुरू. असा पंप दोन वर्षांत जातो. चौपट मोठ्या बॉयलरचं तेच होतं. पेटतो, पाच मिनिटांत पाणी तापवून मोकळा होतो, विझतो, गार होतो, पुन्हा पेटतो. दर पेटण्याला गॅस वाया जातो आणि सुट्या भागांची झीज होते.

नवे बॉयलर ज्योत बारीक-मोठी करू शकतात, आपण शेगडीची करतो तशी. म्हणून दुकानदार सांगतो, मोठा घ्या, लागेल तेवढाच जळेल. हे अर्धसत्य आहे. ज्योत बारीक करायलाही तळ असतो. ४४ किलोवॅटचा बॉयलर दहाव्या हिश्शापर्यंत उतरला तरी ४.४ किलोवॅट. ऑक्टोबरातल्या संध्याकाळी बाहेर १२ अंश असताना तिच्या घराला अडीच किलोवॅटही लागत नाहीत. वर्षातले कडाक्याचे दिवस मोजके, असले कोमट दिवसच जास्त. म्हणून माहितीपत्रकात कमाल आकडा ठळक छापलेला असला तरी आधी किमान आकडा शोधावा.

पातेल्यावरचं दव

आता त्या 'कंडेन्सिंग' शब्दाकडे येऊ. स्वयंपाकघरात जा. गार पाण्यानं भरलेलं स्टीलचं पातेलं गॅसवर ठेवा आणि पहिलं मिनिटभर बाहेरून बघत राहा. पातेल्याच्या अंगावर दव धरतं, थेंब ओघळतात, बर्नरवर पडून चरचरतात. माझ्या आईला वाटायचं पातेलं गळतंय. ते पाणी पातेल्यातलं नव्हेच, ते गॅसमधून येतं. पुण्यात नळीनं येणारा गॅस आणि बॉस्टनचा गॅस, दोन्ही मुख्यतः मिथेन. मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. एक घनमीटर गॅसमागे जवळजवळ दीड लिटर. हे पाणी वाफेच्या रूपात धुराबरोबर निघून जातं, आणि जाताना गॅसच्या एकूण उष्णतेतला सुमारे दहावा हिस्सा घेऊन जातं.

वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती उष्णता परत मिळते. त्यासाठी धुराला पुरेशी गार जागा भेटायला हवी. मिथेनच्या धुरात ही मर्यादा साधारण ५५ अंशांची आहे. तुमच्या पातेल्यावरचं दव मिनिटाभरात नाहीसं होतं ते म्हणूनच: पातेलं तापलं, आता वाफेला त्याच्यावर बसायला जमत नाही.

कंडेन्सिंग बॉयलर म्हणजे कायम गार राहिलेलं पातेलं. त्याच्या आतल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांवर धूर इतका निवतो की वाफेचं पाणी होऊन खाली टपकतं आणि बाहेर पडणारा धूर प्लास्टिकच्या पाइपातून नेता येतो. जुना बिडाचा बॉयलर गॅसमधली सत्तर-ऐंशी टक्के उष्णता घराला द्यायचा, हा नव्वदीच्या पुढे जातो. पण अट एकच: त्याच्याकडे परत येणारं पाणी गार हवं. रिटर्न साठ अंशांचं असेल तर महागडा कंडेन्सिंग बॉयलर साध्या बॉयलरसारखाच वागतो. भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरांना ऐंशी अंशांचं पाणी लागतं, तिथे ही अडचण खरी आहे. भाचीच्या कोब्याला कडक थंडीतही ४५ च्या आसपासचं पाणी पुरतं आणि ते परत येतं पस्तिशीत. कंडेन्सिंग बॉयलरला याहून चांगलं सासर मिळायचं नाही.

याच गार रिटर्ननं बिडाचा बॉयलर मात्र मरतो. धुरातून टपकणारं पाणी आंबट असतं, जवळपास लिंबूपाण्याच्या पंगतीतलं, आणि बीड त्यानं खाल्लं जातं. म्हणून बिडाच्या बॉयलरला कोबा जोडताना मध्ये एक मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि बायपास घालायचे: बॉयलर स्वतः ऐंशीवर राहणार, त्याच्याकडे येणारं पाणी मुद्दाम गरम ठेवणार, आणि कोब्याकडे जाणारं पाणी गार पाणी मिसळून उतरवणार. भाचीच्या घरी असा बायपास दिसलाच नाही. तीस वर्षं तो बिचारा आतून घाम गाळत होता, बर्नरवरच्या खपल्या त्याच्याच. तरीही पहिल्या कोटेशनवाल्यानं तिथेच नवा बिडाचा बसवायचं लिहिलं होतं, बायपासचा उल्लेख न करता.

दुसऱ्याची गंमत उलटी. बॉयलर कंडेन्सिंग, पण आकृतीत जोडणी जुन्या बॉयलरची: तापमान ८० वर लावलेलं, मिक्सिंग व्हॉल्व्ह, आणि रिटर्न गरम ठेवणारा बायपास सुद्धा. म्हणजे नव्या बॉयलरला जे हवं तेच अडवायची तजवीज. अशा जोडणीत घर गरम होतं, तक्रार करायला जागा नसते आणि बिल मात्र म्हणावं तसं उतरत नाही. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, कारण ही चूक पुढची वीस वर्षं भिंतीवर टांगलेली राहिली असती आणि कुणाला कळलीही नसती.

भाचीनं मग त्याला तीन प्रश्न मेलवर विचारले. घराची गरज किती किलोवॅट धरली? कडक थंडीत रिटर्न किती अंशांचं येईल? बॉयलर कमीत कमी किती किलोवॅटवर चालतो? दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला, खिडक्या मोजल्या, आणि नवं कोटेशन दिलं: कमाल १६ किलोवॅटचा, किमान अडीचपर्यंत उतरणारा, बायपास काढून टाकलेला. किंमतही थोडी कमी. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी कधी विचारलंच नसावं.

त्यात त्यानं आपणहून एक चांगली गोष्ट घातली. घराबाहेर उत्तरेच्या भिंतीला थर्मामीटर लावायचा आणि बाहेर जितकं थंड तितकंच पाणी गरम करायचं. बाहेर उणे १२ असताना ४५ अंश, बाहेर १० असताना ३० सुद्धा पुरे. तिकडे याला 'आउटडोअर रिसेट' म्हणतात. पाणी लागेल तेवढंच गरम, म्हणून रिटर्न कायम गार, म्हणून दव कायम धरतं. शिवाय कोबा फार मंद गडी आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा, तेराशे स्क्वेअर फुटांचा कोबा म्हणजे जवळजवळ एकोणतीस टन काँक्रीट. ते एका अंशानं वर न्यायलाच सात युनिट उष्णता लागते. रात्री थर्मोस्टॅट उतरवायचा आणि सकाळी चढवायचा ही कंजुषी इथे चालत नाही. सकाळी चढवलेली ऊब दुपारी ऑफिसात असताना पोचते.

पाणी, नळ्या आणि धुराडं

पुण्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर माहीत आहे. बंद चक्रात तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, त्यामुळे त्यातले क्षार एकदाच बसतात आणि ऑक्सिजन एकदाच गंज चढवून संपतो. या चक्रातलं जुनं पाणी काळं दिसू शकतं. घात होतो तो ताजं पाणी येत राहिलं की. बहुतेक घरांत दाब कमी झाला की आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तो गळती झाकतो: कोब्याखाली नळी गळत असेल, व्हॉल्व्ह गुपचूप भरत राहील, दर वेळी नवे क्षार, नवा ऑक्सिजन, आणि नव्या बॉयलरच्या बारीक नळ्या बुजत जातील.

म्हणून नवा बॉयलर आणण्याआधी कोब्यातल्या नळ्यांची परीक्षा घ्यावी. त्या बॉयलरपासून तोडून, हवेचा दाब भरून रात्रभर ठेवतात. सकाळी काटा तिथेच हवा. सत्तर वर्षांच्या तांब्याबद्दल मला धाकधूक होती. काटा हलला नाही. हलला असता तर प्रश्न बॉयलरचा राहिलाच नसता. मग जुनं पाणी काढून चक्र धुतलं आणि गाळ पकडायला चुंबकाचा फिल्टर बसवला.

तांब्याऐवजी प्लास्टिकच्या नळ्या असतील, विशेषतः १९८० च्या दशकातल्या, तर आणखी एक चौकशी हवी. त्या काळच्या बऱ्याच नळ्यांना ऑक्सिजन अडवणारा थर नव्हता. प्लास्टिक पाणी सोडत नाही पण त्यातून ऑक्सिजन झिरपतो, आणि चक्रातलं सगळं लोखंड गंजत राहतं. तिथे बॉयलरचं पाणी आणि कोब्याचं पाणी मध्ये हीट एक्स्चेंजर घालून वेगळं ठेवतात.

धुराड्याची गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती जिवाशी आहे. भाचीकडे बॉयलर आणि आंघोळीच्या पाण्याचा गॅस हीटर दोघांचा धूर एकाच विटांच्या धुराड्यातून जायचा. नवा बॉयलर आपला धूर प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर नेणार. मागे उरला एकटा छोटा हीटर आणि त्याच्यासाठी फार रुंद झालेलं गारठलेलं धुराडं. एवढासा धूर ते तापवू शकत नाही. तो आतच निवतो, विटांना ओल धरते, आणि कधी कधी धूर वर जाण्याऐवजी घरात उलटा येतो. एकतर धुराड्यात बारीक पाइप सोडायचा किंवा तो हीटरही बदलायचा. तिनं दुसरं केलं: नव्या बॉयलरनंच तापणारी पाण्याची टाकी घेतली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही हवाच.

टपकणाऱ्या आंबट पाण्याचीही सोय लागते. बॉयलर जोरात चालला तर दिवसाला बादलीभर निघतं. ते संगमरवराच्या चुऱ्यातून गाळून मग गटारात सोडतात. चुरा आम्ल खातो आणि स्वतः झिजतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी नवा घालायचा. हा पाइप घराबाहेरून नेला तर गोठतो, आणि पाइप गोठला की बॉयलर बंद. ही सगळी कामं मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारक माणसानंच, परमिट काढून करावी लागतात. जावयानं यूट्यूब बघून पाना हातात घेतला होता, तो खाली ठेवायला लावला.

हीट पंपाचं मी तिच्या कानावर घातलं होतं. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं हे यंत्र, आपल्या फ्रिजचंच भावंड. पाणी जितकं कमी तापवायचं तितकं ते स्वस्तात चालतं, म्हणून कोमट कोब्याशी त्याचं छान जमतं. बऱ्या हवेत विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीन युनिटं. पण तिकडे वीज महाग, कडाक्यात त्याची ताकद घटते, आणि खाली परात भरत असताना ते बसवणारा माणूस शोधायला वेळ नव्हता. जोडणी कमी तापमानाची करून ठेवली आहे, तेव्हा पुढेमागे बॉयलरच्या जागी तो आला तर कोबा हरकत घेणार नाही.

बॉयलर बसून दोन आठवडे झाले तेव्हा पुन्हा फोन. "मामा, घर छान गरम आहे. पण जमीन गार लागते. फसवलं का आपल्याला?"

मी पुन्हा आकडेमोड केली. जमीन खोलीपेक्षा एक अंश गरम असेल तर चौरस मीटरमागे अकरा वॅटच्या आसपास ऊब देते. तिचं घर १२० चौरस मीटर. जानेवारीतल्या सरासरी दिवशी ६.२ किलोवॅट म्हणजे मीटरमागे ५२ वॅट. त्यासाठी जमीन खोलीपेक्षा पाच अंशांहून कमीच वर हवी. म्हणजे २५. तळपायाची कातडी त्याहून गरम असते, तेव्हा २५ अंशांची फरशी पायाला गारच लागणार. जुना बॉयलर मधूनमधून कढत पाणी सोडायचा, तेव्हा नळीच्या वरची फरशी चटचट तापायची आणि तिला ते सुख वाटायचं.

तिनं फरशीवर थर्मामीटर ठेवून फोटो पाठवला. २४.६.

तो फोटो मी सदाशिव पेठेत ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, दाखवला आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढे डॉलर घालून फरशी गारच ना? सतरंजी पाठवते मी."